मूठ बंद, तोंड बंद

आमच्या घरात चुलीत मिरच्या जळायच्या आणि कुणाला ठसका लागायचा नाही. इतरांकडे असं नसतं, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. एका मैत्रिणीच्या आईने तिची दृष्ट काढली, दोन वाळल्या मिरच्या विस्तवात पडल्या आणि आम्ही सगळ्या खोकत, डोळे चोळत ओसरीवर पळालो. मला वाटलं, हिच्या आईने मिरच्याच काही भलत्या आणल्या. दृष्ट काढणं घरोघरी चालतं. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायच्या, माणसावरून तीनदा उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. ठसका आला नाही तर दृष्ट होती, निघाली. ठसका आला तर काही नव्हतंच, मिरच्या फुकट गेल्या. बाकीच्या घरांत कधी निघायची, कधी नाही. आमच्याकडे निघायचीच, कारण आमच्या घरातल्या बायकांना हात होता. आम्ही 'हात' एवढंच म्हणायचो. बाहेरचे चेटूक म्हणायचे, पण तेही पाठीमागे. तोंडावर गयामावशीला रामराम घालायचे आणि पोराला पुढे करायचे.

घर अर्धापूरच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी केळी. वारा सुटला की पानं फाटत राहायची, आणि वीज आली की विहिरीवरच्या मोटरीची घरघर थेट चुलीपाशी ऐकू यायची. आई आणि गयामावशी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. त्यामुळे मावशीची सुलू माझी मावसबहीण की चुलतबहीण, हा प्रश्न घालून आम्ही शाळेतल्या बाईंचं डोकं खात असू. मी वत्सला, पण त्या घरात मला वच्छीशिवाय कुणी हाक मारली नाही. दादा, म्हणजे माझे वडील, आणि काका केळीत रमलेले. घरातल्या बायका काय करतात ते बघायचं नाही, असं दोघांचं जणू ठरलेलंच होतं. दादा तर जेवायला वाढताना आमच्या हातांकडे बघायचेही नाहीत. सकाळी चुरमुऱ्यांचा सुसला, दुपारी भाकरी आणि येसराची आमटी, आणि केळी तर नको नको होईस्तोवर. कच्च्या केळ्याची भाजी, केळफुलाची भाजी, शिकरण. पाहुणा आला की सुलू आधी त्याच्या पिशवीत दुसरं कुठलं फळ आहे का ते बघून यायची.

हात यायचा तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी. आई आणि मावशीला त्यांच्या माहेराकडून आला, आम्हा दोघींना त्यांच्याकडून. एक दिवस मुठीतलं मीठ आपोआप जड होतं, एवढीच त्याची खूण. मग जे उतरेल ते ओळखायला शिकायचं. लहान मुलाची भीती मुठीत कोंबडीच्या पिलासारखी धडधडायची. कुणाच्या मत्सराची नजर असली तर मिठाचे खडे तळव्यात रुतायचे. बाळंतिणीला लागलेली नजर कोमट असायची. मेलेल्या माणसाचं दुःख मात्र आमच्या घरात कुणी काढायचं नाही. ते ज्याचं त्याला लागतं, त्याच्यावरच माणूस पुढं चालतं, असं मावशी म्हणायची.

आणि एक नेम होता. तीनदा उतरवून झालं की मूठ चुलीत रिकामी होईपर्यंत शब्द बोलायचा नाही. "मूठ बंद, तोंड बंद," मावशी म्हणायची. "बोललीस की ते तुहं झालं. मंग बस घेऊन जन्मभर." हे शिकवायची तिची पद्धत फार वाईट होती. आमच्या मुठीत साधं मीठ द्यायची आणि अंगणातून चुलीपर्यंत चालायला लावायची. वाटेत गुदगुल्या करायची, दूध उतू गेलं म्हणून ओरडायची, सुलूला म्हणायची, "तुला बघायला आलते ते न्हाई म्हनाले गं, पोरगी बुटकी हाय म्हणे." सुलू हमखास फसायची. "कोन बुटकी?" म्हणून मिठासकट भांडायला उभी राहायची. मी एकदाही बोलले नाही. एकदा मावशीने माझ्या पायावर खरंच गरम पाणी सांडलं, तरी मी ओठ आवळून चुलीपर्यंत गेले. मावशी त्या दिवशी आईला म्हणाली, "ही माह्यापेक्षा चांगली निघंल."

मावशीने एवढं जपायला कारण होतं. ती चौदा वर्षांची असताना तिने एका पोराची शेळीची भीती काढली होती, आणि चुलीशी पोचता पोचता पायाशी विंचू दिसला. ती "आगं माय" एवढंच बोलली. ते पोरगं पुढे हैदराबादला गेलं, मोठा माणूस झाला म्हणे. आणि आमची मावशी, जिच्यापुढे चार गावची माणसं मान खाली घालायची, ती करडू दिसलं तरी आईच्या पदराआड जायची. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. हसायचं वय होतं.

सुलूने नववीत एक उद्योग केला होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणिताच्या सरांची वर्गातल्या पोरींना फार भीती. सुलूने मधल्या सुट्टीत बोरांच्या बदल्यात एकेकीची भीती काढली आणि शिपायाच्या चहाच्या शेगडीत जाळली. दुसऱ्या दिवशी एकीनेही गणितं केली नव्हती. सरांनी विचारलं तर एक जण उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्या सदऱ्याची गुंडी खालीवर लागली हाय." सगळ्या वर्गाने मार खाल्ला, आणि मार खातानाही कुणी घाबरेना, म्हणून सरच घाबरले. त्यानंतर आमच्या बाकावर कुणी बसेना. पुढे दोघी नांदेडला कॉलेजात जायला लागलो तर हे नाव आमच्याआधी तिथे पोचलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आमच्या बाबतीत अगदी खरं होतं.

सुलूची नात हल्ली मोबाइलवर चेटकिणींच्या प्रेमाच्या गोष्टी वाचते. त्या चेटकिणी सतरा वर्षांच्या असतात, केस मोकळे सोडतात आणि शेवटी मुलगा त्यांना मिळतो. "आजी, तुम्ही खरंच होतात का तशा?" तिने मला विचारलं. मी म्हणाले, केस मोकळे सोडले असते तर मावशीने कापले असते. बाकी सांगितलं नाही. ते आता इथे सांगते.

दिगंबर आमच्या शेजारच्या बागेत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. ती बाग त्याच्या मामाची. तो चाकूरकडचा. आई-वडिलांनी त्याला मामाकडे पाठवलं, कारण घरात तो नुसता बसून असायचा. त्याचा धाकटा भाऊ, बाळू, शेतातली मोटर चालू करायला गेला आणि स्टार्टरला चिकटून मेला. हात ओले होते. आणि जा, मोटर चालू कर, असं त्याला दिगंबरनेच सांगितलं होतं. तेव्हापासून तो रडला नव्हता. वाढलं तेवढं जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. मामाने त्याला आमच्याकडे आणलं. मावशीने दृष्ट काढली, मिरच्या चुलीत टाकल्या, आणि आमच्या घरात कधी नव्हे तो असा ठसका उठला की दादा हातातली भाकरी ठेवून बाहेर गेले. मावशी डोळे पुसत म्हणाली, "हे कुणाचं लागलेलं न्हाई. हे त्याचं सोताचं हाय. सोताचं काढता येत न्हाई आन् काढू बी न्हाई."

तो आमच्याच बसने नांदेडला कॉलेजला यायला लागला. पहिल्या आठवड्यात एका मुलीने माझ्या शेजारून दप्तर उचललं आणि मोठ्याने म्हणाली की मूठ मारणाऱ्यांजवळ आपण बसत नसतो. सगळा वर्ग बघत होता. दिगंबर मागच्या बाकावरून उठला आणि मुलींच्या रांगेत, माझ्या शेजारी येऊन बसला. सरांनी उठवलं तर म्हणाला, "इथं जागा हाय की." त्याचं काय होईल, लोक काय म्हणतील, याची त्याच्या चेहऱ्यावर काडीची फिकीर नव्हती. माझं मन त्याच क्षणी त्याच्यावर जडलं. मला वाटलं काय धीराचा मुलगा आहे. तो धीर नव्हता. त्याला भीती वाटतच नव्हती, कारण काहीच वाटत नव्हतं. सुन्नपणाला मी धीर समजले. सतराव्या वर्षी हे दोन्ही अगदी सारखे दिसतात.

मग वर्षभर आम्ही बसमध्ये बोललो. म्हणजे मी बोलायचे. तो ऐकायचा, आणि ऐकलेलं लक्षात ठेवायचा. मला आंबट लागतं हे एकदा सांगितलं, तर पुढे चिंचा धरल्या तेव्हा रोज खिशात दोन चिंचा. देताना चेहरा कोरा. मी विचारलं, "तुला काही वाटतं का रे माझ्याबद्दल?" तो विचार करून म्हणाला, "वाटत असतं तर तुज्याबद्दलच वाटलं असतं." एवढ्यावर मी आठ दिवस जमिनीला पाय न लावता फिरले. सुलू 'माजं-तुजं' अशी त्याची नक्कल करायची, कारण आमच्याकडे 'माहं-तुहं'. मी तिला मारायला धावायचे. आई गालातल्या गालात हसायची. मी फार आनंदात होते. आनंदात होते हे मला आज पाठ आहे, जसा पाढा पाठ असतो तसा.

मग एका दुपारी मी पंगतीसाठी पानं कापायला बागेत गेले होते. विहीर दोन्ही बागांची सामायिक, मोटरीची खोलीही एकच. खोलीच्या ओट्यावर त्याच्या मामीने मिरच्या वाळत घातल्या होत्या. दिगंबर आत होता. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं होतं आणि त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"काय करून राहिलास?" मी विचारलं.

"बगतो," तो म्हणाला. "बाळूला काय झालं असंल ते बगतो. मला काईच होत न्हाई, वच्छे. काल चहाचं भगुनं हातावर कलंडलं, तरी न्हाई."

मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि ओट्यावर बसवलं. तो बसला. त्याला बस म्हटलं की तो बसायचाच. त्या सगळ्या भीतीत मला एकच कळत होतं की मी घराकडे धावले, मावशीला आणलं, तर तोवर हा पुन्हा आत जाईल. मावशी तरी काय, काढू नये असंच म्हणणार. चिंचांसाठी ओढणीच्या टोकाला मीठ बांधलेलं होतं. मिरच्या समोरच होत्या. मोहरी नव्हती, तर नव्हती. मोटरीपाशी उदबत्तीची काडेपेटी असायची. तीन दगड मांडले, केळीची वाळकी पानं पेटवली आणि उजवी मूठ भरून त्याच्यासमोर उभी राहिले.

दृष्ट काढताना ती कुणाची ते म्हणायचं असतं. आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची. याला यातलं कुणाचंच लागलं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, दिगंबरची दिगंबरला लागलेली, दिगंबरवरून उतरू दे. तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा माझी मूठ रिकामी झाल्यासारखी हलकी झाली, मीठही लागेना. हात कोपरापर्यंत गार पडला. आणि दिगंबरचा खालचा ओठ हलायला लागला. मग त्याच्या छातीतून असा आवाज आला की केळीतले पारवे उडाले. "बाळू रे, बाळ्या," म्हणून तो ओट्यावर डोकं आपटून रडायला लागला. मी वळले. विस्तव पाच पावलांवर होता. दोन पावलं गेले, आणि तो मागून म्हणाला, "वच्छे, जाऊ नकोस. तू हायस न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

मावशीने मला गुदगुल्या केल्या होत्या, भाजलं होतं, नाही नाही ते बोलली होती. पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं. याचं उत्तर न देण्याची सवय तिने मला लावलीच नव्हती. मी पुढची तीन पावलं चालले, मूठ विस्तवावर उघडली. मीठ तडतडलं आणि मिरच्यांचा असा झणका उठला की मी खोकत मागे सरले. माझ्या हातच्या मिरच्यांनी मला पहिल्यांदा ठसका लागला. मला समजलं. पण दिगंबर रडत होता, नाक शिंकरत होता, माझ्या ओढणीला तोंड पुसत होता, आणि मी त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवत बसले. उजवा उचलत नव्हता.

माझ्यातलं सगळं एकदम गेलं नाही. आठ-दहा दिवस लागले. येसराची चव लागायची, पण ती आवडते हे आठवावं लागायचं. सुलूने काही विनोद केला की सगळे हसतात म्हणून मी हसायचे, जरा उशिरा. दिगंबर मात्र रोज नवा होता. भूक लागली म्हणायचा, मामाशी भांडायचा. विजेच्या कडकडाटाला दचकला आणि दचकलो म्हणून खूश झाला. महिन्यातून एकदा घरी जाऊन आईजवळ बसून रडून यायचा. कॉलेजात मात्र आता माझ्याजवळ बसायला लाजायचा, भ्यायचाही. बारावी झाल्यावर एका संध्याकाळी विहिरीवर त्याने माझा हात धरला. "लातूरला कॉलेजात नाव घालून राहिलो. शिकून हाताला काम लागलं की मामाला तुमच्याकडं पाठवतो मागणी घालायला. लई जीव हाय गं तुज्यावर." याच वाक्यासाठी मी वर्षभर जीव टाकला होता. आता हात धरलाय हे कळलं, तो गरम आहे हे कळलं. मी म्हणाले, "बरं."

तो लातूरला गेला. आमची कालवड मेली, ती मी लहानपणापासून वाढवलेली, आणि मी ताटावरून उठले नाही, तेव्हा सुलूने मावशीला सांगितलं. मावशीने मला समोर बसवलं आणि फाडकन थोबाडीत मारली. मी तिच्याकडे बघत राहिले. गाल झोंबला, बाकी काही नाही. मग तीच रडायला लागली. "तोंड उघडलंस ना? कुणासाठी ते मला सांगूच नको." आई उठली, चुलीपाशी गेली आणि धपाटे करायला बसली, कारण मला ते आवडायचे. त्यानंतर रोज करायची आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे बघायची. मी "छान झालेत" म्हणायचे. ती पदर तोंडाला लावायची.

"ऐक," मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आता हे चुलीत जळत न्हाई. ज्याचं हाय त्यानं मागितलं तर जातं. ज्या हातानं काढलंस त्याच हातातून, त्याच्या हातात. त्यानं नुसतं दे म्हनावं, आपसूक जातंय. देऊन टाक पोरी. त्याचं त्याला."

"मग तो कसा होईल?"

"होता तसा."

"आणि मी?"

"तू बी होतीस तशी."

म्हणजे दोघांपैकी एकच. मी पुन्हा हसेन, कालवडीसाठी रडेन, त्याच्यासाठी झुरेन, आणि तो ओले हात घेऊन पेटीपाशी उभा राहील. मी नको म्हणाले. पण सुलू गप्प बसणारी नव्हती. तिने लातूरला पत्र घातलं, काय घडलं ते सगळं लिहिलं, ये आणि तुझं घेऊन जा म्हणून. फक्त कोणत्या हाताने ते लिहायचं राहिलं. सुलू ती सुलूच. आज हे वाचून ती मला शिव्या घालेल, घालू दे.

आठवड्याने ती मला ओढणी घ्यायची म्हणून नांदेडला घेऊन गेली आणि बस स्टँडवर उतरताच म्हणाली, "इथं उभी राहा, मी रस आणते." समोरून दिगंबर येत होता. अंगाने भरला होता. मिशी फुटली होती. धावतच आला.

"सुलूनं लिवलंय ते खरं हाय का? माजं तुज्याकडं राहिलंय?"

"तिला काय कळतंय," मी म्हणाले. "जळून गेलं ते."

"मग तू अशी का झालीस? पत्राला उत्तर न्हाई. माज्याकडं बघतीस ते भिंतीकडं बघितल्यागत."

मला त्याच्याबद्दल काही वाटत नव्हतं. हे लोकांना खोटं वाटेल, पण त्याने सोपं झालं नाही. माझ्याकडे फक्त आठवण होती. चिंचा देणारा कोरा चेहरा आणि पेटीचं उघडं झाकण. प्रेमाने माणूस असं काही करतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी प्रेमात असते तर काय केलं असतं ते आठवून तसं करायचं ठरवलं. आवाज मावशीचा काढला. रागवायचं कसं ते तिचंच मला पाठ होतं.

"तुझी कीव आली होती तेव्हा, समजलं? आता बरा झालास. मला तू आवडत नाहीस. परत येऊ नकोस."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तरी त्याने हात पुढे केला. "तसं असंल तर हात दे. मी मागून बगतो. न्हाई आलं तर तुजं खरं."

मी डावा हात दिला. उजवा पाठीमागे ओढणीत गुंडाळला होता. त्याने माझा तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे मिटले. "माजं मला दे," तो म्हणाला. पाठीमागे उजवा हात जड झाला. ओढणीतून सुटून त्याच्याकडे जायला बघत होता, बोटं आपोआप उघडत होती. मी ती कमरेत खुपसली. "दे, वच्छे. मी सांबाळतो. मी आता मोठा झालोय. दे." मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कुणीतरी देगलूर-देगलूर ओरडत होतं. मी तोंड बंद ठेवलं. तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि थांबला. मग त्याने डोळे उघडले, माझ्या रिकाम्या डाव्या तळव्याकडे पाहिलं आणि हात सोडला.

"खरंच न्हाई," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

लातूरची गाडी लागलेली होती. तो चढला, खिडकीपाशी बसला आणि बसल्या बसल्या रडायला लागला. शेजारची म्हातारी बाई, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं, त्याला काही विचारत होती. आधी तो मान हलवत होता. मग बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून भर दिवसा, भरल्या गाडीत हुंदके देऊ लागला. लोक वळून बघायला लागले तसा त्याने रुमालाने तोंड झाकलं. लाज वाटत होती त्याला. लाजही परत आली होती. त्याचं सगळं त्याच्यापाशी होतं, आणि ते सगळं चालत होतं. मला तेव्हा काही वाटलं नाही. त्यानंतरही कधी वाटलं नाही. पण त्या दिवशी मी जे केलं ते त्याच्यावरच्या प्रेमाने केलं हे मला माहीत आहे, आणि नुसत्या माहीत असण्यावर मी एवढं आयुष्य काढलं.